ग्रीनलँडवरून कशाला?

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक फूटपट्टी डोळ्यांसमोर आणा. तुमच्या कंपासपेटीतली, जून महिन्यात आणलेली आणि जुलैत मोडलेली, तसली नव्हे. ही शिसवी लाकडाची आहे. एका कडेला पितळेची पट्टी आहे, आणि ती इतकी जुनी आहे की सुरुवातीचे आकडे पुसून गेलेत, त्यामुळे मोजायला चारपासून सुरुवात करावी लागते. दिसली? आता ती धरणारा हात आणा. बोटं जाड, नखं स्वच्छ, मनगटाला अत्तराचा बारीक वास. त्या हाताच्या वर एक चेहरा आणा. आता त्या चेहऱ्यावर राग आणा. एवढासा नको, भरपूर आणा. अजून. हां, पुरे. झाले आपले जलालभाई आतार तयार. आता डोळे उघडलेत तरी चालेल.

जलालभाई भोरला राहत आणि वेल्ह्याच्या एका सरकारी कचेरीत थोरले कारकून होते. फिरतीवरच्या लोकांची प्रवासाची बिलं तपासणं हे त्यांचं काम. कोण कुठून कुठं गेला, किती किलोमीटर गेला, आणि जवळचा रस्ता असताना लांबच्या रस्त्यानं का गेला, या तिसऱ्या प्रश्नावर त्यांनी अख्खी नोकरी काढली होती. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं असतात. एक जवळच्या रस्त्यानं जाणारी, आणि दुसरी लबाड.

कचेरीत ज्ञानू नावाचा फिरतीचा माणूस होता, पासलीचा. तो एकदा पासलीहून डोंगरापलीकडच्या एका वाडीला जाऊन आला आणि त्यानं डोंगराला वळसा घालून जाणारा रस्ता बिलात लिहिला. जलालभाईंनी भिंतीवरच्या तालुक्याच्या नकाशाला फूटपट्टी लावली. पासली इथं, वाडी तिथं, मध्ये सरळ रेघ. वळशाचे सगळे किलोमीटर त्यांनी लाल पेन्सिलीनं उडवले.

"सायेब, मधी डोंगर हाये," ज्ञानू म्हणाला.

"नकाशावर उंच काही दिसत नाही."

"नकाशा सपाट हाये, सायेब."

"मग तुम्हीही सपाट जा," जलालभाई म्हणाले आणि पुढचं बिल ओढलं.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की अशा माणसाची मुलगी जेव्हा विमानानं अमेरिकेला जाते, तेव्हा काय काय होऊ शकतं याचा तुम्हाला अंदाज यावा.

सन दोन हजार तीनचा जानेवारी होता. जलालभाईंची थोरली मुलगी शगुफ्ता नवऱ्याकडं निघाली होती. जावई एहसान सॅन फ्रान्सिस्कोला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. शगुफ्ता एकटीच जाणार होती, आणि आमच्या आळीतून विमानात बसणारं ते पहिलंच माणूस. विमान शनिवारी सकाळी सव्वासहाला मुंबईहून सुटणार, जर्मनीत फ्रँकफर्टला उतरून दुसरं विमान धरायचं, आणि तिथून एका दमात सॅन फ्रान्सिस्को. तिकिटावर स्वच्छ छापलं होतं : पोहोच, शनिवार, दुपारी साडेचार. एहसाननंही फोनवर तेच सांगितलं होतं, "शनिवारी दुपारी मी घ्यायला जातो, अब्बा." जलालभाईंनी सवयीनं तिकीट उजेडात धरून तपासलं आणि जाहीर केलं, "सव्वादहा तास."

धाकटी फौजिया सहावीत होती. ती म्हणाली, "अब्बा, पण तिथं दिवस असतो तेव्हा इथं रात्र असते ना? पृथ्वी गोल आहे म्हणून?"

"प्रवासाच्या बिलात नसते," जलालभाई म्हणाले. "छापलेली वेळ ती वेळ."

आता या वेळेला एवढं महत्त्व का, तेही सांगतो. आमच्या भागात रीत आहे की घरचं माणूस लांबच्या वाटेला निघालं, की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही. मागून केर काढला तर गेलेल्याची वाट झाडल्यासारखी होते म्हणे. हिंदू पाळतात, बौद्ध पाळतात, मुसलमान पाळतात. झाडू कुणाचा धर्म विचारत नाही. पुण्याला जाणाऱ्यासाठी ही रीत फार सोयीची आहे. एस.टी. स्वारगेटला लागली की इकडं केरसुणी बाहेर. पण अमेरिकेचं काय? शुक्रवारी संध्याकाळी निरोप द्यायला अर्धं भोर येऊन गेलं होतं, आणि आमच्याकडं निरोप काही रिकाम्या तोंडानं देत नाहीत. जमिनीवर भुईमुगाची टरफलं, बोरांच्या आठोळ्या, गोळ्यांचे कागद आणि हारातून गळलेल्या शेवंतीच्या पाकळ्या असा थर साचला होता. तो तसाच सोडून घरची मंडळी जीपनं मुंबईला गेली, मुलीला विमानतळाच्या दाराशी सोडलं, आणि शनिवारी दुपारी परत भोरला आली.

निघताना शगुफ्ता म्हणाली होती, "पोचल्या पोचल्या फोन करते, अब्बा. आपला लागला नाही तर समोरच्या दादूकाकांकडं करीन." हे वाक्य लक्षात ठेवा.

तर शनिवारी दुपारी जलालभाई दारातून आत आले आणि पहिलं पाऊल पडलं ते आठोळीवर. त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो मुलांच्या गोष्टीत लिहिता येत नाही. त्यांची बायको अजरा दोन रात्री झोपली नव्हती, आणि रडून रडून तिचे डोळे बोरांसारखे लाल झाले होते. तिनं केरसुणी उचलली. तेवढ्यात समोरच्या घरातून भामाबाई धावत आल्या.

"अजरा, ठिव ती केरसुनी! पोरगी वर हाये अजून."

"वहिनी, नीट बोला हो. वर काय वर!"

"इमानात गं. इमानात वर हाये म्हनते म्या."

भामाबाई आणि त्यांचे यजमान दादू हे समोरच राहायचे. दोन्ही घरांच्या दारांमध्ये बैलगाडी जेमतेम जाईल एवढा बोळ. वीस वर्षांत त्या बोळातून वाट्या इतक्या वेळा इकडून तिकडं गेल्या होत्या, की कुठली वाटी कुणाची हे दोन्ही घरांना सांगता येत नसे. दादू एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्या सोडायचे. निवृत्त होऊनही त्यांची खिडकी सुटली नव्हती. बोळातून कोणीही जायला निघालं की ते घरच्या खिडकीतून विचारत, "कुठली गाडी?" त्यामुळे विमान हा विषय आपल्या खात्याचा आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. ते भामाबाईंच्या मागोमाग आले, टरफलं चुकवत खुर्चीपर्यंत पोचले आणि म्हणाले, "जलालभाई, तुमचं चुकतंय."

जगात कुठल्याही वाक्यानं जलालभाईंचं डोकं एवढं फिरत नसे.

"काय चुकतंय?"

"अमेरिका आपल्या मागं हाये. साडेतेरा तास. म्या इचारून आलोय. मागं म्हंजी वजा. तवा साडेचारातनं साडेतेरा तास काढा."

जलालभाईंनी पेन्सिल घेतली आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर वजाबाकी केली. "पहाटेचे तीन."

"मंग पोरगी पहाटं तीनला पोचली."

"दादू, पहाटे तीनला ती माझ्यासमोर उभी होती! विमानतळाच्या दारात, आईच्या गळ्यात पडून रडत!"

"ते मला ठावं न्हाई. हिशेब हिशेब हाये."

"अहो, विमान सुटलं सव्वासहाला! सुटायच्या आधी सव्वातीन तास पोचली?"

"फास्ट आसंल," दादू म्हणाले.

जलालभाईंचे कान लाल झाले. त्यांच्या रागाचा क्रम ठरलेला होता. आधी कान, मग मान, मग आवाज. "दादू, आयुष्यभर खिडकीत बसून लोकांना 'येईल, येईल' एवढंच सांगितलंत तुम्ही, आणि मला वेळ शिकवायला आलात?"

दादू सावकाश उठले. त्यांनी अठ्ठावीस वर्षं उन्हातान्हात ताटकळलेल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, पण समोरच्या घरातून कधी खाल्ली नव्हती.

"आन् तुमी आयुष्यभर फूटपट्टीवर बसून लोकांस्नी डोंगरातनं न्हेलंत," ते म्हणाले. "तो ज्ञानू सांगत व्हता मला."

"आजपासून तुमचा उंबरा मला बंद!"

"नका येऊ. आमचा उंबरा काय नकाशात न्हाई."

भामाबाई पदर सावरत नवऱ्यामागं गेल्या. जाताना टरफलांकडं बोट दाखवून अजराला खुणेनं म्हणाल्या, झाडू नको. आणि त्यांच्या घराचं दार लागलं. वीस वर्षांत भर दुपारी ते दार कधी लागलं नव्हतं. फौजिया दोन्ही दारांकडं आळीपाळीनं बघत उंबऱ्यावर बसून राहिली.

साडेचार वाजले. फोन वाजला नाही.

पावणेपाच. पाच. टेबलावर हिरवा फोन होता, त्याच्यावर अजरानं विणलेला रुमाल. जलालभाई फोनभोवती चकरा मारत होते, आणि प्रत्येक पावलाला खाली टरफलं करकरत होती. आधी ते एहसानवर रागावले, की न्यायला वेळेवर गेला नसेल. मग शगुफ्तावर, की अब्बांना लगेच विसरली. मग टरफलांवर. मग भुईमूग या पिकावर. पावणेसहा वाजता त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. ते अजराला म्हणाले, "काही झालं तर नसेल?" आणि अजरा भिंतीला टेकून खाली बसलेली पाहिल्यावर पुन्हा मोठ्यानं ओरडले, "काही होत नाही! लोकांना वेळ पाळायला नको!" मुलांनो, मोठी माणसं रागावलेली दिसली की कधी कधी नीट निरखून बघा. आत दुसरंच काहीतरी दडून बसलेलं असतं.

शेवटी त्यांनी पुण्याला, जिथून तिकीट काढलं होतं त्या दुकानात फोन लावला. एक गोड आवाजाची मुलगी बोलली.

"सर, मॅडम उद्या पोचतील."

"तिकिटावर आजची तारीख आहे."

"हो सर. आजच पोचतील."

"आज का उद्या?"

"आपल्या उद्या, सर. त्यांच्या आज."

जलालभाईंची मान लाल झाली. "हे बघा बाई, मी तीस वर्षं प्रवासाची बिलं तपासतोय. एकच काय ते सांगा."

"एकूण प्रवास जवळजवळ चोवीस तासांचा आहे, सर."

"कागदावर सव्वादहा आणि तोंडी चोवीस!" हे त्यांनी आयुष्यभर पकडलं होतं. कागद एक बोलतो, माणूस दुसरं बोलतो, आणि मधला फरक म्हणजे लबाडी. "चोवीस तास करतात काय ते वर? रस्ता कुठला घेतात?"

"फ्रँकफर्टहून पुढं ग्रीनलँडच्या बाजूनं जातं, सर."

जलालभाईंनी खांद्यानं रिसीव्हर कानाला दाबला आणि भिंतीवरच्या जगाच्या नकाशाला फूटपट्टी लावली. हे फ्रँकफर्ट. हे सॅन फ्रान्सिस्को. मध्ये सरळ समुद्र, पुढं अमेरिकेची जमीन, कुठं आडकाठी नाही. आणि ग्रीनलँड? ग्रीनलँड पार वर, नकाशाच्या कपाळावर, पांढराशुभ्र पसरलेलं.

"ग्रीनलँडवरून कशाला?" ते गरजले. "नसरापूरहून शेजारच्या कामथडीला जायचं तर माणूस पासलीवरून जातो का?"

ती मुलगी पुण्याची होती. तिला पासली कुठं माहीत असणार! ती नम्रपणे म्हणाली, "जवळ पडतं, सर."

जवळ पडतं! जलालभाईंनी रिसीव्हर आपटला.

तो इतक्या जोरात आपटला की फोन टेबलावरून उडाला, विणलेल्या रुमालासकट जमिनीवर पडला आणि टरफलांत जाऊन दुभंगला. आतून दोन तारा बाहेर आल्या. अजरानं डोळे मिटून घेतले. फौजियानं रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि परत हळूच खाली ठेवला.

जलालभाई तुटलेला फोन रुमालात गुंडाळून टेलिफोनवाल्या कोंडिबाच्या घरी गेले. कोंडिबा सरळ माणूस होता. त्यानं रुमाल उघडून आत पाहिलं आणि विचारलं, "पडला का आपटला?"

"का?"

"पडला म्हनलात तर आत्ता दुसरा जोडून देतो. आपटला म्हनलात तर सायबांची सही लागती, आन् सायेब सोमवारी येनार. खात्याचा माल हाये ना."

इथं दुसरा कोणीही माणूस 'पडला' म्हणाला असता. तुम्ही म्हणाला असता, मीही म्हणालो असतो. कोंडिबासुद्धा मान हलवून 'पडला म्हना, पडला म्हना' असं सुचवत होता. पण जलालभाईंनी तीस वर्षं खोटी बिलं परत पाठवली होती. त्यांनी ओठ दाबले, कान लाल झाले, मान लाल झाली, आणि ते म्हणाले, "आपटला!"

"मंग सोमवार," कोंडिबा हळहळून म्हणाला.

ते घरी आले, तेव्हा दारात ज्ञानू उभा होता. तोच, पासलीचा. त्याच्या खांद्यावर एक हे एवढं थोरलं डांगर होतं. डांगर म्हणजे तांबडा भोपळा. पासलीकडं कुडाच्या घरांवर त्यांचे वेल चढतात. "ताईंस्नी निरोप द्यायला आलोतो, पर उशीर झाला," तो म्हणाला. "वेल्ह्याची गाडी चुकली. ह्ये घ्या, घरच्या वेलाचं."

एरवी जलालभाईंनी विचारलं असतं, कुठल्या रस्त्यानं आलात? त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही. डांगर उंबऱ्याच्या आत टेकवून ज्ञानू चहा घेऊन गेला, आणि जलालभाई भिंतीकडं तोंड करून कॉटवर आडवे झाले. फोन मेला होता. आता शगुफ्ता फोन करणार दादूंकडं. आणि दादूंच्या घराचा उंबरा, तुम्हाला आठवतंय ना, त्यांना बंद होता. त्यांनी स्वतःच बंद केला होता.

फौजिया डांगराकडं बघत बसली.

तुम्ही डांगर नीट पाहिलंय का? देठापासून खालपर्यंत त्याला खोल रेघा असतात, फोडींसारख्या. भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वीगोलाला असतात ना, अगदी तशा. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. फौजियानं खडू आणला आणि डांगरावर एका बाजूला लहानसा भारत काढला. मग नकाशात बघून युरोप, आणि वळसा घालून पार पलीकडं अमेरिका. देठाच्या जवळ तिनं ग्रीनलँड काढलं. नकाशावर ते केवढं मोठं दिसत होतं, आणि डांगरावर काढताना त्याला जागाच पुरेना.

मग तिनं आईच्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला. एक टोक फ्रँकफर्टवर अंगठ्यानं दाबलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणला. आधी तिनं तो नकाशावरच्या फूटपट्टीसारखा, समुद्राच्या मधून आडवा धरून ठेवला. तिथं सोडल्याबरोबर तो सुर्रकन वर सरकला, ग्रीनलँडवरून गेला आणि घट्ट बसला. हातात दोन बोटं दोरा उरला.

तिनं परत खाली ओढला. परत वर गेला.

"अब्बा," ती म्हणाली, "बघा ना. जवळ पडतं."

"झोप," भिंतीकडं तोंड केलेल्या जलालभाईंनी सांगितलं. पण काही वेळानं कॉट करकरली. ते डोकं वळवून, एका डोळ्यानं, दोऱ्याकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी फौजिया उजाडायच्या आधीच उठली. डांगर पोटाशी धरून अंगणात आणलं आणि पायरीवर ठेवलं. जलालभाई तिथंच उभे होते, शाल गुंडाळून, समोरच्या बंद दाराकडं पाठ करून. सूर्य वर आला आणि पहिलं ऊन आडवं येऊन डांगरावर पडलं.

फौजियानं डांगर हळूहळू फिरवलं. खडूचा भारत अंधारातून निघून उजेडाच्या काठावर आला, तिथं ती थांबली.

"अब्बा, हे आपण. आपल्याकडं आत्ता सूर्य उगवतोय. आता इकडून बघा."

जलालभाई नको नको म्हणत डांगराच्या पलीकडं गेले आणि वाकले. पलीकडच्या काठावर अमेरिका होती. ती उजेडातून नुकती अंधारात शिरत होती.

"तिथं मावळतोय," फौजिया म्हणाली. "पण तिथं अजून काल आहे. कालची संध्याकाळ. तिथं कालचे साडेचार इतक्यातच होऊन गेले, सूर्य मावळायच्या जरा आधी. अब्बा, शगुफ्ता आपा आज पोचणार होती, आणि काल पोचणार होती. दोन्ही खरं आहे. तुम्ही बेरीज केली नाहीत, दादूकाकांनी वजाबाकी केली. सव्वादहात साडेतेरा मिळवायचे होते."

जलालभाईंनी मनातल्या मनात मिळवले. तेवीस तास पंचेचाळीस मिनिटं. जवळजवळ चोवीस. त्यांच्या आयुष्यात हे पहिलंच बिल होतं ज्यात कागदही खरा होता आणि माणूसही खरा होता. रागवायला कोणी उरलं नव्हतं. ते फार अवघडले.

"म्हणजे ती पोचली," ते म्हणाले.

"पोचली असेल. आता सामान घेत असेल. मग फोन करील."

आणि तेवढ्यात फोन वाजला.

समोरच्या घरात.

घंटी बोळभर घुमली. जलालभाई जिथं होते तिथं खिळले. दादूंच्या घरात कसलीतरी धडपड ऐकू आली, भांडं पडलं, दार धाडकन उघडलं आणि भामाबाई ओरडल्या, "अगं फौजे! अजरा! या गं या!" अजरा अनवाणी धावली. फौजिया डांगरावरून उडी मारून आईच्या पुढं पळाली. बोळाच्या अलीकडं एकटे जलालभाई राहिले, शाल गुंडाळून, लाल कानांचे.

"आपा!" आतून फौजियाचा आवाज आला. "हो, सगळे आहेत! अब्बा? अब्बा आहेत ना... थांब!"

ती दारात आली. तारेनं जेवढं येऊ दिलं तेवढं येऊन, रिसीव्हर हातात धरून, वडिलांकडं बघत उभी राहिली. तिच्यामागं दादू दिसत होते. ते दारातून एक पाऊल बाजूला सरकले, एखादी गाडी आत घ्यावी तसे.

त्या बोळाची रुंदी बैलगाडीएवढी आहे हे मी सांगितलंच. जलालभाईंनी ती तीन ढांगांत ओलांडली, दादूंच्या उंबऱ्याशी क्षणभर पाय अडला, आणि ते आत गेले.

"इतका उशीर?" रिसीव्हर हातात येताच ते ओरडले. राग एवढाच शिल्लक होता.

"अब्बा, रागावलात?" शगुफ्ता सात समुद्रांपलीकडून हसत होती आणि रडतही होती. "पोचले हो. एहसान आलेत न्यायला. अब्बा, खिडकीतून किती वेळ खाली नुसता बर्फ! पांढरा, दिसेल तिथवर. मला वाटलं रस्ता चुकले की काय."

"ग्रीनलँड," जलालभाई म्हणाले. घसा खाकरून, दादूंकडं न बघता, पण दादूंना ऐकू जाईल अशा बेतानं ते म्हणाले, "जवळ पडतं."

मग फोन अजराकडं गेला, भामाबाईंकडं गेला, परत अजराकडं आला. जलालभाई मोकळ्या हातांनी मध्येच उभे होते. कुठं बघावं कळेना, म्हणून त्यांनी खाली बघितलं.

खाली टरफलं होती. शुक्रवारी निरोप द्यायला आलेली माणसं त्यांच्या घरात मावली नव्हती, ती इथं बसली होती. इथंही शेंगा खाल्ल्या होत्या, बोरं खाल्ली होती. आणि तो सगळा केर, शुक्रवार संध्याकाळपासून, शनिवारच्या त्या भांडणानंतरही, दार लावून घेतल्यानंतरही, जसाच्या तसा जमिनीवर होता. दाराआड केरसुणी भिंतीला टेकून उभी होती.

जलालभाईंनी भामाबाईंकडं पाहिलं.

"आसं काय बगताय?" त्या फणकाऱ्यानं म्हणाल्या. "तुमचं भांडान तुमच्यापाशी. पोरगी वर आस्ताना म्या झाडीन व्हय?"

दादूंनी कॉटवरची चादर एका बाजूला सारली आणि हातानं जागा थोपटली. दोघं शेजारी शेजारी बसले, दोघंही समोरच्या भिंतीकडं बघत.

"साडेतेरा म्या आनले व्हते बरं का," दादू म्हणाले. "तुमच्याकडं न्हवतेच."

"चिन्ह चुकलं होतं," जलालभाई म्हणाले.

"चिन्हाचं काय एवढं!"

दोघांचेही कान लाल व्हायला लागले होते. पुढं काय झालं असतं कोण जाणे. पण फोन ठेवल्याचा आवाज झाला, आणि फौजियानं दाराआडची केरसुणी उचलली. स्वतःचं घर तसंच सोडून, आधी दादूकाकांच्या कोपऱ्यापासून, ती झाडायला लागली. आठोळ्या, टरफलं, गोळ्यांचे कागद, सगळं पुढं लोटत ती कॉटपाशी आली आणि थांबली.

"पाय वर घ्या," ती म्हणाली. "दोघंही."

दोघांनी घेतले.